सिंगापूर क्रूझचा बुफे: जेवण एक नंबर, टेबलं धरून ठेवायचा प्रकार मात्र बंद झाला पाहिजे

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे इथल्याच, कोल्हापूरच्या एका टूर कंपनीच्या ग्रुपबरोबर सिंगापूरला जाऊन आलो, शेवटी मोठ्या जहाजावरची क्रूझ होती, आणि आल्यापासून राजारामपुरीत, मंडईत, मुलाच्या शाळेच्या गेटवर जो भेटेल तो एकच विचारतोय, जेवणाचं कसं झालं ओ तुमचं? तर हा रिव्ह्यू केबिनचा नाही, शोचा नाही, फक्त वरच्या मजल्यावरच्या बुफेचा आहे. टूर कंपनीचं आणि जहाजाचं नाव लिहीत नाही, कारण जे बघितलं ते फक्त त्याच जहाजावर होतं असं नाही, जिथं बुफे आहे आणि गर्दी आहे तिथं होतं, आणि त्यात निम्मे लोक आपलेच होते हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

जेवण आधी सांगते. पाचपैकी साडेचार. भारतीय जेवणाचा वेगळा काउंटर, तिथं रोज डाळ, भात, दोन भाज्या, पनीरचं काहीतरी, रोटी, पापड, लोणचं, दही. जैन पदार्थ वेगळे मांडलेले, कांदा लसूण बटाटा नसलेले, आणि कशात काय आहे ते काउंटरवरच्या माणसाला विचारलं तर तो न कंटाळता सांगतो. सकाळी इडली सांबार, उपमा, पराठे, पलीकडं अंडी, ब्रेड, भरपूर फळं, आणि चिनी लोकांसाठी मोमोसारखे वाफवलेले डिमसम, नूडल्स आणि तांदळाची गरम पेज. त्या पेजेवर माझ्या सासूबाई एवढ्या खूश झाल्या की विचारू नका, घरून नेलेली कोरडी चटणी वरनं भुरभुरायची आणि वाटीभर पेज, झाला नाष्टा. मसाला सगळ्यातच बेताचा असतो, रस्सा म्हणून जे असतं ते आपल्याला सपक लागणार, तेव्हा चटणीचं पॅकबंद पाकीट बॅगेत टाका, पण शिजवलेलं अन्न जहाजावर नेता येत नाही हे आधीच लक्षात ठेवा, टर्मिनलवर बॅगा स्कॅन होतात. अर्धा गुण कापला तो चहासाठी. मशीनचा चहा आहे, त्याला आपल्या चहाची सर नाही.

स्टाफला पाचपैकी पाच, त्यात एक दाणाही कमी करणार नाही. आणि बसायच्या व्यवस्थेला दोन. हा दोनाचा आकडा का ते नीट लिहिते, कारण तुम्ही जाणार असाल तर तुमच्याही वाट्याला हेच येणार आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्याच हातात आहे.

पहिल्यांदा हे समजून घ्या की बुफे हा अख्ख्या जहाजाला एकदम बसवायला बांधलेलाच नसतो. तीन साडेतीन हजार प्रवाशांचं जहाज, त्यातले काही खाली डायनिंग रूममध्ये जातील, काही पैसे देऊन वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जातील, काही झोपले असतील, काही पूलवर असतील, असा हिशोब धरून खुर्च्या मांडलेल्या असतात. लोक पुढंमागं आले तर जागा पुरते. सगळे एकदम आले की नाही पुरत. आणि आपले भारतीय ग्रुप एकदम येतात, त्याचं कारण घड्याळात आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. तिथले सकाळचे सात म्हणजे आपल्या अंगाचे पहाटेचे साडेचार, त्यामुळं पहिल्या दिवशी कुणाला लवकर जाग येत नाही, सगळे उठून आवरून तिथल्या साडेनऊला वर येतात म्हणजे आपले सात. मुंबईची, सुरतची, पुण्याची, आपली, सगळी मंडळी त्याच अर्ध्या तासात दारात. आठच्या आधी गेलात तर खिडकीकडची टेबलं मोकळी पडलेली असतात, ताटंसुद्धा गरम मिळतात. सासूबाईंना पाचला उठायची सवय, पण त्यांचंही शरीर कोल्हापूरच्याच वेळेवर चाललेलं, त्यामुळं पहिल्या सकाळी आम्हीही त्याच गर्दीत सापडलो.

आता त्या सकाळी काय झालं ते. आदल्या रात्री आमच्या टूर मॅनेजरनं सगळ्यांना सांगितलेलं, उद्या आपण सगळ्यांनी एकत्र नाष्टा करायचा, आमची माणसं सातलाच जाऊन टेबलं धरतील, तुम्ही निवांत या. ऐकायला किती छान वाटतं. प्रत्यक्षात वर गेलो तर खिडकीकडची अख्खी ओळ कंपनीच्या टोप्या ठेवून अडवलेली, एकेका खुर्चीवर एकेक टोपी, मधे कुठं पाण्याची बाटली, कुठं गॉगल, एका खुर्चीवर चक्क रुमाल. माणूस एकही नाही. आणि त्या ओळीच्या समोरून एक म्हातारं चिनी जोडपं, सिंगापूरचंच असावं, हातात वाफाळते बाऊल घेऊन इकडून तिकडं फिरतंय. आजी पुढं, आजोबा मागं, बाऊल भाजतोय म्हणून आजोबा हात बदलतायत, टेबलाशी थांबतात, टोपी बघतात, पुढं जातात. असं त्यांनी किती वेळ केलं असेल. मला ते बघून पोटात कसंतरी झालं. ती टोपी आमच्या ग्रुपची होती ना.

मी सासूबाईंना घेऊन आलेले, त्यांचा गुडघा दुखतो, काठी घेऊन चालतात. ह्यांनी आमच्या ग्रुपमधल्या शाहूपुरीच्या एका काकांना विचारलं, काका ही खुर्ची घेतो आईसाठी. काका म्हणाले नाही ओ, वहिनी येणारायत आमच्या. आणि वहिनी कुठं, तर खाली केबिनमध्ये, अजून अंघोळ व्हायची होती. वहिनींचा काय दोष, त्यांना तर माहीतच नाही की त्यांच्या नावानं वर एक खुर्ची अडून बसलीय. ह्यांनी मग शांतपणे सांगितलं, काका, वहिनी येईपर्यंत आईचं जेवण होऊन उठतील त्या, आणि खुर्ची ओढून सासूबाईंना बसवलं. काका काही बोलले नाहीत, नंतर स्वतःच उठून सासूबाईंना पाणी आणून दिलं. माणूस वाईट नाही, हेच तर माझं म्हणणं आहे. चांगली माणसं सुद्धा टेबल धरायचं म्हटलं की आजूबाजूचं बघायचं बंद करतात.

मी टेबल धरण्याच्याच विरोधात आहे असं नाही. बुफेत ताट आपणच आणायचं असतं, मग कुणीतरी जागा धरणारच. चौघांतला एक बसला आणि तिघं ताटं आणायला गेले, आले की तो उठला, यात चूक काहीच नाही, उलट हीच सगळ्यात बरी पद्धत. म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्याला आधी बसवायचं आणि त्याचं ताट आणून द्यायचं, यावर तर कुणी बोट ठेवू नये. नवराबायको दोघंच असतील किंवा एखादी बाई एकटी फिरायला आलीय, तिनं काय करायचं? ती ताट ठेवून ज्यूस आणायला गेली की मागं टेबल साफ, स्टाफ इतका चपळ असतो की अर्धी इडली ताटात असताना उचलून नेतात, त्यांना वाटतं उठले. अशा माणसानं स्कार्फ ठेवला, पुस्तक ठेवलं, तर ते योग्यच आहे, तिला दुसरा मार्गच नाही. वस्तू ठेवून जागा धरली म्हणून राग नाही माझा, माझा राग वेळेवर आहे. ताट घेऊन परत येईपर्यंतची पाच मिनिटं जागा धरा. अजून बुफेच्या दारातही न आलेल्या माणसासाठी जागा धरायची नाही, आणि एकट्यादुकट्यानं ग्रुपसाठी आठ टेबलं अडवायची तर अजिबात नाही.

दुसरा प्रकार जेवण झाल्यावरचा. ताटं रिकामी झालीयत, चहा झालाय, तिसऱ्यांदा चहा झालाय, मोबाईलवर फोटो बघणं चाललंय, कुणी पत्ते काढलेत, आणि समोर लोक ताट घेऊन उभे. सकाळी अकराला किंवा दुपारी साडेतीनला खुशाल बसा, कोण अडवतंय, बुफे तेव्हा ओस असतो. पण साडेनऊला आपलं खाऊन झालं की उठायचं, गप्पा मारायला जहाजावर जागा कमी आहे का, डेकवर बसा, लॉबीत बसा, पूलच्या बाजूला बसा. आणि लग्नाच्या हॉलमध्ये जसे पंगतीत जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं उभे राहतात तसंही तिथं करू नका, आमच्यातल्या दोघातिघांनी केलं, एक गोरी बाई घाबरून अर्धं टाकून उठली. थोडं लांब उभं राहायचं, नजर दिली की विचारायचं.

टेबल पुसणाऱ्या मुलांत एकजण आपल्या सिंधुदुर्गातला निघाला, आम्ही मराठीत बोलताना ऐकून स्वतः येऊन बोलला, सासूबाईंना आजी म्हणून हाक मारली, पेज तोच आणून द्यायचा. त्याला मी विचारलं, तुम्ही ह्या टोप्या उचलत का नाही? तो म्हणाला, ताई, आम्हाला रिकामं टेबल लगेच पुसून लावायचं सांगितलेलं असतं, पण वस्तू असली की हात लावायचा नाही, उद्या कुणी म्हणालं माझा गॉगल गेला तर आमच्यावर येतं. आणि मग उभे असलेले लोक आमच्यावरच ओरडतात, तुम्ही जागा देत नाही म्हणून. म्हणजे टेबल धरलं आपण, बोलणी खाल्ली त्यानं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. घरापासून महिनोन् महिने लांब राहून काम करणारी पोरं ती, सकाळच्या नाष्ट्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत उभी.

त्यानंच एक गोष्ट सांगितली ती सगळ्यांनी ध्यानात ठेवा. लोक टेबल धरायला जहाजाचं कार्ड ठेवून जातात. अजिबात नको. ते कार्ड म्हणजे तुमच्या केबिनची किल्ली, जहाजावरची ओळख आणि खरेदीचं खातं, तिन्ही एकाच ठिकाणी. ते गळ्यात अडकवून ठेवायचं. मोबाईल पण नको. आणि वापरलेला टिश्यू किंवा नॅपकिन खुर्चीवर टाकून जाणं हे तर सरळसरळ घाणेरडं आहे. जहाजावर उलट्या जुलाबाचा नोरोव्हायरस एकदा शिरला की बघता बघता पसरतो, म्हणून बुफेच्या दारात बेसिन आणि साबण असतो आणि तिथं उभी असलेली मुलगी प्रत्येकाला हात धुवा म्हणून हसत हसत सांगते. नुसतं सॅनिटायझर चोळून त्या व्हायरसवर फार उपयोग होत नाही, साबण आणि पाणीच लागतं. आपले लोक तिला टाळून आत जात होते, घाई कशाची तर टेबल धरायची. हात धुवायला अर्धा मिनिट लागतो हो.

ह्यावर आमच्या ग्रुपमध्ये रात्री चांगलीच चर्चा झाली, आणि एका दादांनी मुद्दा काढला की सिंगापूरचे लोक स्वतः टिश्यू ठेवून टेबल धरतात, मग आपण केलं तर काय बिघडलं. मुद्दा खोटा नाही. क्रूझच्या आधी आम्हाला लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला नेलं होतं, तिथं खाली मोठं हॉकर सेंटर आहे, खाण्याचे खूप स्टॉल आणि मधे सगळ्यांची मिळून टेबलं. दुपारी टेबलावर टिश्यूचं छोटं न फोडलेलं पाकीट ठेवलेलं दिसतं, म्हणजे कुणीतरी रांगेत उभं आहे, आत्ता येईल. तिकडं ह्याला चोप करणं म्हणतात आणि सगळे ते पाळतात. त्यांच्या ह्या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत डिसेंबर २०२० मध्ये जागा मिळालीय, म्हणजे रस्त्यावरच्या खाण्याची केवढी किंमत ठेवतात बघा. पण नीट पाहिलं तर त्या पाकिटाच्या मागचा माणूस खरंच रांगेत असतो, येतो, खातो आणि उठतो, तासभर बसून राहत नाही. आणि उठताना आपला ट्रे आपण नेऊन ठेवतो. ते नुसतं वळण नाही, १ सप्टेंबर २०२१ पासून तिथं हॉकर सेंटरमध्ये ट्रे आणि कचरा टेबलावर सोडून गेलात तर आधी समज मिळते आणि पुन्हा केलंत तर दंड. आपण त्यांच्याकडून अर्धंच उचललं, पाकीट ठेवायचं तेवढं घेतलं आणि उठायचं सोडून दिलं.

दादांचा दुसरा मुद्दा होता पैशाचा, एवढे पैसे भरलेत मग उभं राहून जेवायचं का. नाही, कुणीच उभं राहून जेवू नये. पण त्या आजोबांनीही पैसे भरलेत. ग्रुपनं आलो म्हणून आपलं तिकीट जास्त मोठं होत नाही.

आणि एकत्रच बसायचा हट्ट मला समजत नाही. रविवारी सकाळी कोल्हापुरात मिसळ खायला फडतरेला जा, चोरगेंना जा, खासबागला जा, तिथं तुम्ही अख्खं टेबल धरता का? एका बाकड्यावर तुम्ही दोघं, समोर कुणीतरी दोघं अनोळखी, एकाची मिसळ अर्धी झालीय, दुसऱ्याची यायचीय, कट फिरतोय, ब्रेड फिरतोय, ‘जरा सरका की’ म्हटलं की माणूस बूड हलवतो, झालं. आमच्या लहानपणापासून हे असंच बघत आलोय, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट समोरचा माणूस निघताना ‘या परत’ म्हणून जातो, जसं काय हॉटेल त्याचंच. हीच आपली सवय जहाजावर का विसरायची? सहा खुर्च्यांच्या टेबलावर चौघं बसलेत आणि दोन खुर्च्यांवर पर्स ठेवल्यात, हे कोल्हापुरात चाललं नसतं.

दुसऱ्या सकाळी मी तेच केलं. आमच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी होती, एक सिंगापूरच्या आजी ट्रे घेऊन बघत होत्या, मी हातानं या म्हटलं, त्या बसल्या. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, आजींना मराठी येत नाही, दोघींच्या ताटात पेज. आजींनी त्यात आल्याचे तुकडे आणि सोया सॉस घातलेला, सासूबाईंनी चटणी. सासूबाईंनी चिमूटभर चटणी त्यांच्या बशीत वाढली, आजींनी बोटाला लावून चाखली, डोळ्यात पाणी आलं तरी पुन्हा मागून घेतली. जाताना सासूबाईंचा हात धरून काहीतरी बोलून गेल्या. अख्ख्या ट्रिपमध्ये सासूबाई दहाजणांना सांगतील अशी हीच गोष्ट आहे, सेंटोसा बेट बिट नाही.

शाकाहारीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी हलक्यात घेणार नाही. आमच्या ग्रुपमध्ये दोन जैन कुटुंबं होती, त्यांना शेजारी कुणी मासे घेऊन बसलं तर जेवण जात नाही, आणि त्यांनी टेबल धरण्यामागं हेच कारण सांगितलं. त्यांची अडचण मला पटते. पण त्यावर उपाय खुर्च्या रिकाम्या अडवणं हा नाही. भारतीय काउंटरच्या जवळच्या भागात बसलं की आजूबाजूला बहुतेक शाकाहारीच असतात, आणि स्टाफला सांगितलं तर ते तशी जागा शोधून देतात, आम्ही सांगितलं तर दिली. आणि आपण मटण खाणाऱ्यांनीही बसायच्या आधी एकदा विचारायला काय जातं, आमच्यात चिकन आहे, चालेल का? नाही म्हणाले तर पुढं जायचं, तोंड वाकडं न करता. दोन्ही बाजूंनी एवढं केलं की भांडण उरतच नाही.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट, जी आम्हाला टूर मॅनेजरनं सांगितलीच नाही आणि त्याबद्दल माझी खरी नाराजी आहे. जहाजावर खालच्या मजल्यावर मोठी डायनिंग रूम असते, तिथं दारात माणूस उभा असतो, तो तुम्हाला टेबलापर्यंत नेतो, वेटर ऑर्डर घेतो, आणि हे सगळं तिकिटातच असतं, वेगळे पैसे नाहीत. टेबल धरायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी वर बुफेत मुंगीला जागा नव्हती आणि खाली निम्मी टेबलं मोकळी. आपले लोक तिकडं का जात नाहीत, तर वाटतं पैसे लागतील, किंवा मेनू इंग्रजीत असेल, किंवा कपडे चांगले लागतील. मेनूत भारतीय शाकाहारी पदार्थ होते, नसले तरी सांगितलं तर करून देतात, जैन जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. कपड्यांचं म्हणाल तर रात्री हाफ पॅन्ट आणि स्लीपर नको एवढंच, साडी, पंजाबी ड्रेस, साधी पॅन्ट शर्ट काहीही चालतं. वेळा मात्र रोज बघाव्या लागतात, केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या ॲपवर असतात, दुपारी ती रोज उघडी असेलच असं नाही. सासूबाईंना तिथं फार बरं वाटलं, काठी भिंतीला टेकवून बसल्या, ताट घेऊन चालायची कटकट नाही.

जहाजवाल्यांनाही मी दोन गोष्टी फीडबॅक फॉर्मवर लिहून आलेय. एक म्हणजे टेबलावर काहीतरी खूण द्या. आपल्याकडं बार्बेक्यू नेशनमध्ये टेबलावर छोटा झेंडा असतो, पुरे झालं की तो खाली करायचा, लहान पोराला पण कळतं. तसंच साधं दोन बाजूंचं कार्ड ठेवा, एका बाजूला आम्ही ताट आणायला गेलोय, दुसऱ्या बाजूला आमचं झालं. एकट्या माणसाचं ताट कुणी उचलणार नाही आणि रिकामं टेबल अडून राहणार नाही. दुसरी गोष्ट वेळेची. पूलच्या आरामखुर्च्यांवर टॉवेल टाकून गायब होणाऱ्यांसाठी मोठ्या क्रूझ कंपन्यांनी कधीच नियम केलेत, कार्निव्हलवाले खुर्चीवर वेळ लिहिलेलं स्टिकर लावतात आणि ४० मिनिटांत कुणी आलं नाही तर सामान उचलून ठेवतात, रॉयल कॅरिबियनकडं ३० मिनिटांचा नियम आहे. खुर्चीला हे चालतं तर गर्दीच्या तासात नाष्ट्याच्या टेबलाला दहा मिनिटांचा नियम का नको? नियम जहाजाचा असला की त्या सिंधुदुर्गच्या पोराला वस्तू हलवताना घाबरायला नको आणि प्रवाशांनी एकमेकांशी हुज्जत घालायला नको. कारण दुसऱ्याची टोपी आपण स्वतः हलवणं हे मलाही बरोबर वाटत नाही. विचारायचं, इथं कुणी बसलंय का, आत्ता येतायत का, आणि उत्तर पटलं नाही तर स्टाफला बोलवायचं.

आमच्या टूर मॅनेजरशी आम्ही चारपाच घरांनी मिळून बोललो. मुलगा तरुण आहे, त्यानं ऐकून घेतलं, म्हणाला वहिनी, लोकच म्हणतात आम्हाला एकत्र बसवा, नाही बसवलं तर तक्रार करतात. ते पण खरंच असणार. मग दुसऱ्या सकाळपासून टोप्या बंद झाल्या, वयस्कर माणसं आणि लहान मुलं असलेली घरं आठला, बाकीचे नऊला, ज्यांना एकत्रच बसायचंय त्यांना खाली डायनिंग रूममध्ये, तिथं मोठं टेबल आधी सांगितलं तर लावून देतात. कुणाचं काही बिघडलं नाही. शाहूपुरीचे काका आणि वहिनी खाली गेले, वहिनींना ऑम्लेट टेबलावर गरम मिळालं म्हणून त्या तर परत वर आल्याच नाहीत.

तुम्ही इथून बुकिंग करणार असाल तर ऑफिसात बसल्याबसल्याच विचारा, बुफेत ग्रुपची टेबलं धरता का, डायनिंग रूम आमच्या पॅकेजमध्ये कुठल्या वेळेची आहे, जैन जेवण आधी कळवता का. आणि जहाजावर चढायच्या दिवशी दुपारी बुफेत सगळ्यात जास्त गर्दी असते हे धरून चला, कारण केबिन दुपारनंतर ताब्यात मिळतात आणि तोवर सगळं जहाज हातातल्या बॅगांसकट वर येऊन बसतं. त्या दिवशी बॅगा टेबलाखाली ठेवा, खुर्चीवर नको, एका बॅगेपायी एक माणूस उभा राहतो. टर्मिनलवर चेकइनच्या आधी थोडं खाऊन घेतलं तर आणखी बरं, मग वर गेल्यावर घाई राहत नाही.

वयस्कर माणूस बरोबर असेल तर बुफेच्या मागच्या दारानं जा, आमच्या जहाजावर तिकडं उघड्यावर बसायची जागा होती, एसी नाही म्हणून लोक टाळतात, त्यामुळं खुर्च्या मिळतात आणि भारतीय काउंटरही त्याच बाजूला पडत होता. नऊनंतर तिथं ऊन चांगलंच तापतं, तेव्हा सावलीतलं टेबल बघून बसा.